कुत्राच तर होता!



असिसीचे संत फ्रान्सिस यांचा सण ४ ऑक्टोबरला येतो. त्या सुमारास दरवर्षी आपण पर्यावरणावर चार शब्द बोलतो, आवारात झाडे लावतो, मुलांची चित्रकला स्पर्धा घेतो. या वेळी मात्र मी एका लहानशा विषयावर लिहिणार आहे. काहींना तो इतका लहान वाटेल की चर्चच्या पत्रकात त्याला जागा कशाला, असे ते म्हणतील. घरातले कुत्रे, मांजर किंवा गोठ्यातले जनावर मरते तेव्हा घरच्या माणसांना जे दुःख होते, त्याविषयी मला बोलायचे आहे.

हा विषय मी शोधत गेलो नाही, तो माझ्या ऑफिसात चालत आला. गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या घरांतली माणसे याच कारणासाठी भेटायला आली. तिघांच्याही बोलण्याची सुरुवात सारखीच होती : "फादर, हसू नका हं." आई वारल्याचे सांगायला येणारा माणूस असे कधी म्हणत नाही. या दुःखाला मात्र आपल्या समाजात बसायला पाटसुद्धा मिळत नाही. तिघांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असा कोणताही तपशील न देता, मी हे लिहीत आहे.

पहिले गृहस्थ निवृत्त आहेत. मुले परदेशी. पत्नी तीन वर्षांपूर्वी देवाघरी गेली. तिच्या अंत्यविधीच्या वेळी त्यांनी सगळी व्यवस्था स्वतः पाहिली. शवपेटी, बँड, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चहापाणी, मुलांची विमानाची तिकिटे, सातव्या दिवसाची मिस्सा, सगळे. डोळ्यांतून टिपूस आले नाही. लोक म्हणाले, खंबीर माणूस आहे. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचा कुत्रा मेला. तो कुत्रा पत्नीने आणलेला, तिच्याच हातची कुस्करलेली भाकरी खाऊन वाढलेला. ती गेल्यावरही रोज संध्याकाळी, ती बाजारातून परतायची त्या वेळेला, तो ओट्यावर जाऊन फाटकाकडे तोंड करून बसायचा. तो मेला आणि हे गृहस्थ तीन दिवस रडत होते. एका नातेवाइकाने त्यांना सुनावले, "बायको गेली तेव्हा डोळ्यांत पाणी नाही, आणि कुत्र्यासाठी रडतोस? कुत्राच तर होता!" त्या वाक्यानंतर ते लागोपाठ दोन रविवार मिस्सेला आले नाहीत. लोकांना तोंड दाखवायची त्यांना लाज वाटत होती, आणि देवाला दाखवायची त्याहून अधिक. आपण पत्नीपेक्षा एका जनावरावर जास्त प्रेम केले की काय, हा प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता.

दुसऱ्या एक मावशी. त्यांचा मोती तेरा वर्षांचा होऊन मेला. त्यांनी पर्स उघडून पैसे टेबलावर ठेवले आणि विचारले, "फादर, मोतीच्या आत्म्यासाठी मिस्सा ठेवायची आहे. चालेल ना?" तिसरा आठ वर्षांचा मुलगा, आईचे बोट धरून आलेला. मनी मांजर रिक्षाखाली आली होती. वर्गात कोणीतरी त्याला सांगितले होते की प्राण्यांना आत्मा नसतो, त्यामुळे ती आता कुठेच नाही. त्याला माझ्याकडून एकच हवे होते, हो की नाही.

त्या गृहस्थांपासून सुरुवात करू, कारण तिथे सर्वांत मोठी जखम आहे.

पवित्र शास्त्रात शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, नाथान संदेष्टा दावीद राजाकडे येतो. दाविदाने उरियाची बायको घेतली आहे आणि उरियाला युद्धात मारवले आहे. राजाला त्याचे पाप कसे दाखवायचे? नाथान एक गोष्ट सांगतो. एका गावात एक श्रीमंत आणि एक गरीब. श्रीमंताकडे मेंढरांचे कळप. गरिबाकडे विकत घेऊन वाढवलेली एकच मेंढी. ती त्याच्या मुलाबाळांबरोबर वाढली, त्याच्या घासातला घास खाई, त्याच्याच भांड्यातून पिई, त्याच्या कुशीत झोपे. ती त्याला मुलीसारखी होती. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने स्वतःच्या कळपाला हात न लावता त्या गरिबाची मेंढी कापली.

ही गोष्ट आपण पापाच्या संदर्भात अनेकदा ऐकली आहे. आज ती दुसऱ्या बाजूने पाहा. नाथानला गरिबाचे शेत घेता आले असते, दागिना घेता आला असता. त्याने मेंढी घेतली. आणि ऐकणारा कोण? ज्याने तरुणपणी बापाची मेंढरे राखताना एका कोकरासाठी सिंहाशी आणि अस्वलाशी झुंज घेतली होती, तो दावीद. तो "मेंढीच तर होती, दुसरी घेऊन द्या" असे म्हणाला नाही. तो संतापाने उठला आणि असे करणारा माणूस मरणदंडाला पात्र आहे, असे म्हणाला. नाथानचा सारा दृष्टान्त एका गोष्टीवर उभा आहे : गरीब माणसाचे त्या मेंढीवरचे प्रेम खरे आहे, आणि ते खरे आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. ते प्रेम हास्यास्पद असते तर गोष्ट तिथेच कोसळली असती आणि राजाचे डोळे उघडलेच नसते. देवाने आपल्या संदेष्ट्याच्या तोंडी हे प्रेम घातले आहे. त्याला हसण्यापूर्वी आपण जरा थांबावे.

मी त्या गृहस्थांना शास्त्र सांगण्याआधी एक साधी गोष्ट विचारली. त्या घरात तुमच्या पत्नीची वाट पाहणारे तुमच्याखेरीज कोण होते? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तोच." बंधू-भगिनींनो, दुःखाचा हिशेब माणसाच्या सोयीने होत नाही. अंत्यविधीच्या दिवशी ज्याला रडायला सवड मिळत नाही, त्याचे रडणे घरातच कुठेतरी थांबून राहते आणि पुढे कोणत्या तरी दाराने बाहेर येते. पत्नीची पावले ओळखणारा शेवटचा जीव त्या घरातून गेला, तेव्हा त्यांना तीन वर्षांपूर्वीचे रडू आले. कुत्र्यासाठीही आले, तिच्यासाठीही आले. दोन्ही वेगवेगळे काढून तोलायची गरज नाही. प्रभू येशू लाजराच्या कबरीशी रडला तेव्हा बघणाऱ्यांतले काही त्याच्यावर किती प्रेम होते असे म्हणाले, तर काहींनी यावरही टीका केलीच. अश्रूंना टीका होतेच. प्रभूने ती टीका मनावर घेऊन डोळे पुसले, असे काही योहानाने लिहिलेले नाही.

आता मावशींच्या मिस्सेविषयी. त्यांना मी जे सांगितले तेच तुम्हालाही सांगतो, कारण हा प्रश्न पुन्हा येणार आहे. मोतीच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा ठेवता येत नाही. यात मोतीचा अपमान नाही. आपण मृतांसाठी प्रार्थना का करतो? मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदाने युद्धात पडलेल्या आपल्या सैनिकांसाठी प्रार्थना आणि अर्पण केले, कारण त्यांच्या हातून पाप घडले होते आणि त्यांना त्या पापातून सोडवणूक मिळावी अशी त्याची इच्छा होती. मृतांसाठीची आपली प्रार्थना त्याच वाटेने जाते. माणूस बरे-वाईट जाणतो, निवड करतो, चुकतो, म्हणून त्याला क्षमेची आणि शुद्धीची गरज असते. मोतीने शेजाऱ्यांची कोंबडी धरली असेल (धरली होती, असे मावशींनीच सांगितले), पण ते पाप नव्हे. त्याला क्षमेची गरज नाही. शिवाय मृतांच्या यादीत कोणाच्या तरी वडिलांच्या नावाशेजारी 'मोती' असे वाचले गेले तर त्या घराच्या मनाला लागेल, हेही लक्षात घ्यायला हवे.

पण म्हणून मावशींना पैसे परत देऊन वाटेला लावायचे का? मिस्सेला आपण युखारिस्त म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच आभार मानणे. तेरा वर्षांची सोबत, रात्रीची राखण, नवरा आजारी असताना त्याच्या खाटेखाली बसून राहणारा एक जीव, हे सगळे ज्या देवाने दिले त्याचे आभार मानायची मिस्सा ठेवायला काहीच आडकाठी नाही. मावशींनी तशी मिस्सा ठेवली. यादीत 'एका कुटुंबाकडून आभार' एवढेच वाचले गेले. ते कशाबद्दल होते हे चर्चमध्ये दोघांनाच ठाऊक होते, आणि तिसऱ्या देवाला.

उठता उठता त्यांनी खरा प्रश्न विचारला. मोतीची मूत्रपिंडे निकामी झाली होती. पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हते, उभे राहता येत नव्हते. पशुवैद्यांनी सांगितले की आता औषध नाही, इंजेक्शन देऊन त्याला सोडवता येईल. मावशींनी मान हलवली. आणि तेव्हापासून, "फादर, मी त्याला मारलं का?" दयामरणाला ख्रिस्तसभेचा विरोध आहे, हे त्यांनी याच चर्चमध्ये ऐकले होते, आणि बरोबर ऐकले होते. तो विरोध माणसाच्या बाबतीत आहे. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे, त्याचे जीवन कोणाच्याही हातात दिलेले नाही, आणि त्याला आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडता येते. मुक्या जनावराला आपल्या यातनेतून असा अर्थ काढता येत नाही. त्याला नुसते दुखते. ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा, म्हणजे १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅटेकिझम, परिच्छेद २४१८ मध्ये सांगते की प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. उपाय संपल्यावर त्या यातना लांबवणे आणि थांबवणे यांत मावशींनी थांबवणे निवडले. ते पाप नाही. प्रायश्चित्त संस्कारात ते सांगण्याची गरज नाही. ज्यांना कोणाला ही टोचणी लागून राहिली आहे, त्यांनी ती आज खाली ठेवावी.

आता त्या मुलाचा प्रश्न. तो सर्वांत अवघड.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस आम्हाला पाठ असे. 'प्राण्यांना आत्मा नसतो' असे थॉमस म्हणत नाहीत, हे आधी सांगू द्या. ॲरिस्टॉटलच्या मागे जाऊन ते म्हणतात की जे जे जिवंत आहे त्यात जीवनाचे एक तत्त्व आहे. झाडात ते वाढण्याचे आणि फळण्याचे काम करते. प्राण्यात त्याखेरीज पाहणे, ऐकणे, दुखणे, ओढ वाटणे. माणसात या सगळ्यासह बुद्धी आणि इच्छास्वातंत्र्य. प्राण्याचे प्रत्येक काम डोळा, कान, नाक अशा शरीराच्या अवयवावर अवलंबून असते. म्हणून शरीर संपले की त्याचा जीवही संपतो. माणसाच्या बुद्धीचे काम शरीरात मावून संपत नाही, म्हणून त्याचा आत्मा अमर आहे. नव्या सृष्टीत प्राणी असतील असे थॉमस यांना वाटत नव्हते, हेही लपवण्यात अर्थ नाही. पुढे सतराव्या शतकात देकार्त नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने प्राण्याला यंत्रासारखे मानले. ज्याने घरात कुत्रा पाळला आहे त्याला ते पटणे कठीण, आणि ख्रिस्तसभेनेही ते कधी शिकवले नाही.

थॉमस यांचा युक्तिवाद मला आजही भक्कम वाटतो. पण तो कशाविषयी आहे, हे पाहायला हवे. प्राण्याचा जीव स्वतःच्या बळावर मृत्यूपलीकडे टिकत नाही, एवढे तो सांगतो. देव आपल्या बळावर काय करील, हे त्यातून निघत नाही. आपणसुद्धा 'आत्मा अमर आहे' एवढ्यावर थांबत नाही. रविवारच्या श्रद्धांगीकारात आपण मृतांचे पुनरुत्थान म्हणतो, आणि ते निव्वळ देवाचे काम आहे. त्याच्या कामाविषयी शास्त्रात काही खुणा आहेत. जलप्रलयानंतर देव नोहाशी करार करतो तेव्हा तो एकट्या नोहाशी करत नाही. तारवातून उतरलेल्या प्रत्येक जिवंत प्राण्याशी करतो (उत्पत्ती, अध्याय ९). निनवे नगराला वाचवताना देव योनाला तिथल्या माणसांबरोबर तिथल्या गुराढोरांचीही आठवण करून देतो, आणि योनाचे पुस्तक त्या गुरांवरच संपते. शब्बाथाची विश्रांती बैलाला आणि गाढवालाही आहे. संत पौल रोमकरांना लिहिताना सगळी सृष्टी प्रसूतिवेदनांत कण्हत असून नाशाच्या दास्यातून तीही मुक्त होईल असे सांगतो (अध्याय ८).

आणि तोबीतच्या पुस्तकातला तो कुत्रा! तरुण तोबिया राफाएल देवदूताबरोबर लांबच्या प्रवासाला निघतो, तेव्हा त्याचा कुत्राही निघतो. कुत्रा काही चमत्कार करत नाही, कोणाला वाचवत नाही. प्रवास संपून घरी परतताना तो पुन्हा मागोमाग चाललेला दिसतो. ज्या समाजात कुत्रा म्हणजे रस्त्यावरचा हाकलायचा प्राणी, तिथल्या लेखकाला त्याची दोनदा नोंद करावीशी वाटली. मला तर वाटते, त्याच्या घरी एक असावा.

आपल्या मराठी मातीलाही हे परके नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, रामेश्वराला न्यायचे गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ, या कथा आपण शाळेत ऐकल्या आहेत. महाभारताच्या शेवटी कुत्र्याला मागे ठेवून स्वर्गात यायला धर्मराज नकार देतो, हे आपल्या हिंदू शेजाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. त्यांचा विश्वास वेगळा, पण निष्ठावंत जनावराला दाराबाहेर ठेवायला माणसाचे मन का तयार होत नाही, हा प्रश्न त्यांचा आणि आपला एकच आहे.

मग प्राणी स्वर्गात जातात का? डिसेंबर २०१४ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले की पोप फ्रान्सिस यांनी कुत्रा मेलेल्या एका मुलाला 'जातात' असे सांगितले. थोड्याच दिवसांत उघड झाले की त्यांनी तसे म्हटलेच नव्हते. पोप सहावे पॉल यांच्या नावावर सांगितली जाणारी एक जुनी आठवण त्यांच्या तोंडी घातली गेली होती. वृत्तपत्रांनी दुरुस्त्या छापल्या. तेव्हा ती बातमी कोणी पुन्हा पाठवली तर पुढे ढकलू नका. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी खरोखर लिहिले ते २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाच्या २४३ व्या परिच्छेदात आहे. अनंत जीवनात प्रत्येक सृष्ट जीव उजळून, रूपांतरित होऊन आपापल्या जागी असेल, अशा आशयाचे ते लिहितात. याचा अर्थ 'तुमची मनी तुम्हाला भेटेल' असे वचन ख्रिस्तसभेने दिले आहे, असा नाही. ख्रिस्तसभेने याविषयी कोणताही सिद्धान्त जाहीर केलेला नाही, आणि जे तिने सांगितले नाही ते मी वेदीवरून सांगणार नाही. मात्र 'मनी कुठेच नाही' असे सांगण्याचा अधिकारही मला दिलेला नाही.

मुलाला मी विचारले, मनीला कोणी घडवले? "देवाने." देव विसरतो का? तो विचार करून म्हणाला, "नाही." पाच चिमण्या दोन पैशांना विकल्या जातात आणि त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही, असे येशूने सांगितले आहे, ही गोष्ट मग त्याला सांगितली (लूक, अध्याय १२). मनी देवाच्या आठवणीत आहे, आणि देव ज्याची आठवण ठेवतो त्याचे काय करायचे हे त्याला चांगले कळते. मुलाचे समाधान झाल्यासारखे वाटले. मग त्याने विचारले, "तिथे बोंबील मिळतात का?" याचे उत्तर थॉमस यांनीही दिलेले नाही.

आईवडिलांना इथे एक विनंती. मुलाला 'मनी दुसऱ्या गावी गेली' असे सांगू नका. मेली, असेच सांगा. पुष्कळ मुलांना मृत्यू पहिल्यांदा भेटतो तो असाच. आठवडाभरात ते मूल "आजीपण मरणार का?" असे विचारील, तेव्हा पहिल्या उत्तरात आपण खरे बोललो होतो की नाही, हे त्याला आठवेल. खड्डा खणायला त्याला हात लावू द्या, एक 'आमच्या बापा' म्हणू द्या. वाडी असेल तर पुरताना खड्डा चांगला खोल घ्या आणि विहिरीपासून लांब. वर क्रूस लावू नये असे माझे मत आहे, कारण क्रूस हे बाप्तिस्मा झालेल्यांच्या पुनरुत्थानाचे चिन्ह आहे. चिकूचे किंवा सोनचाफ्याचे रोप लावा. आणि दुसऱ्याच दिवशी नवे पिल्लू आणून मुलाचे तोंड बंद करू नका. मुलाला त्यातून एवढेच कळते की जो जातो त्याची जागा बाजारातून भरता येते.

इतके बोलल्यावर दुसरी बाजू न बोलणे बरे नव्हे. ज्या परिच्छेदाचा मी वर उल्लेख केला, त्याच २४१८ व्या परिच्छेदात पुढे म्हटले आहे की माणसांच्या हालअपेष्टा दूर करण्यासाठी आधी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणे योग्य नाही, आणि जे प्रेम माणसांनाच द्यायचे ते प्राण्यांकडे वळवू नये. ५ जानेवारी २०२२ च्या प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनी मुलांऐवजी कुत्री-मांजरे ठेवणाऱ्या जोडप्यांवर टीका केली, तेव्हा अनेकांना राग आला. 'लाउदातो सी' लिहिणारे पोप तेच होते. चिमण्यांची आठवण सांगताना येशूही त्याच दमात म्हणतो की तुम्ही पुष्कळ चिमण्यांहून मोलाचे आहात. आपल्याच धर्मग्रामात कुत्र्याचा वाढदिवस केक कापून होतो आणि पडवीतल्या आजोबांना दुपारी जेवलात का असे कोणी विचारत नाही, अशी घरे आहेत. त्यांची नावे मी लिहिणार नाही. त्यांना ती माहीत आहेत.

याहून वाईट एक प्रकार आहे. हौसेने आणलेला कुत्रा म्हातारा झाला, आंधळा झाला, घरात घाण करू लागला की गाडीत घालून मासळी बाजाराजवळ किंवा महामार्गाच्या कडेला सोडून द्यायचा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते पाप आहेच, आणि हे मात्र प्रायश्चित्त संस्कारात सांगावे. विजेचे पंप येण्यापूर्वी आपल्या वसईच्या वाड्यांत विहिरींवर रहाट होते आणि बैल-रेडे ते ओढत. थकलेल्या बैलाला शेवटपर्यंत गोठ्यातच पेंढा घालणारी माणसे त्या पिढीत होती. त्यांच्याकडे पैसा आपल्यापेक्षा कमी होता.

माझी खरी काळजी वेगळी आहे. त्या गृहस्थांचा कुत्रा मेला तेव्हा ते घर किती रिकामे होते, हे मला प्रथम कळले. मुले रविवारी फोन करतात. बाकी सहा दिवस त्या घरात 'आलास का?' असे विचारणारे एक शेपूट होते. अशी घरे आता प्रत्येक वाडीत आहेत. माणसाला मिळायला हवी ती माया तो कुत्र्याकडून घेत असेल तर दोष त्याला देण्याआधी आपण शेजारी त्याच्या ओट्यावर शेवटचे कधी बसलो, हे आठवून पाहावे. म्हणून आपल्या वाडीवरच्या समूहांना सांगणे आहे की अशा घरी जनावर मेल्याचे कळले तर जा. माणूस मेल्यावर जातो तसे वीसजण नको. एक-दोघे पुरेत. चहा घ्या. त्या प्राण्याचे नाव विचारा. काय सांगावे हे सुचले नाही तर काही सांगू नका, फक्त वरच्या शीर्षकातले वाक्य बोलू नका.

संत फ्रान्सिस १२२६ साली वारले. २०२६ हे त्यांच्या निधनाचे आठशेवे वर्ष. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले. सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारे त्यांचे स्तुतिगीत प्रसिद्ध आहे. गंमत अशी की पाखरांना उपदेश करणाऱ्या या संताच्या त्या गीतात एकाही प्राण्याचे नाव नाही. मृत्यूचे आहे. अखेरच्या आजारात, डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासे झाले असताना, त्यांनी मृत्यूलाही बहीण म्हणून त्यात जागा दिली.

त्यांच्या सणाच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर, चर्चच्या मागच्या मैदानात, प्राण्यांना आशीर्वाद देण्याचा विधी होईल. ख्रिस्तसभेच्या १९८४ च्या आशीर्वाद-ग्रंथात त्यासाठी स्वतंत्र प्रार्थना आहे, मी काही नवीन काढलेले नाही. कुत्री साखळीने बांधून आणावीत, मांजरी टोपलीत. रेबीजची लस दिलेली असावी. गाई-म्हशी आणणाऱ्यांनी मागच्या फाटकाने यावे, पुढच्या बाजूला फरशी गुळगुळीत आहे. ज्यांचे जनावर या वर्षी गेले त्यांनीही यावे. त्यांच्यासाठी आभाराची एक प्रार्थना वेगळी ठेवली आहे. ते गृहस्थ येणार आहेत. खुर्च्या मांडण्याचे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतले आहे, तरुणांपैकी चारजणांनी सकाळी साडेसातला त्यांच्या मदतीला पोहोचावे.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू